बाराव्या खुर्चीवरचे पाय

अंबाडी,
४ एप्रिल २०२४

इनास अंकल,

मी बारक्या पागीची मोठी मुलगी, सुवर्णा. तुम्हाला तीनदा फोन केला. दोनदा तुम्ही "रेंज नाही" बोललात. तिसऱ्यांदा "घंटा वाजवायची वेळ झाली" सांगून ठेवून दिलात. तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते. पावणेतीनला आपल्या चर्चात कसलीच घंटा नसते. म्हणून लिहिते. लिहिलेलं ठेवून देता येत नाही.

पवित्र गुरुवारी फादर बारा माणसांचे पाय धुतात, येशूने शेवटच्या भोजनाला शिष्यांचे धुतले तसे. बाबा पस्तीस वर्षं हे मागच्या बाकावरून बघत आलेत. आमच्या पाड्यातल्या कुणाचा पाय आजवर त्या परातीत गेला नव्हता. या वर्षी फादर कुणालनी बाबांचं नाव घेतलं. आई तीन दिवस पाड्यावर घरोघरी सांगत फिरत होती, जसं काय बाबा सरपंच झाले.

२८ मार्चला माझी वळ गावच्या गोदामात सेकंड शिफ्ट होती, मला येता आलं नाही. बाबा घरी आले, जेवले नाहीत. ईस्टरला आले नाहीत. मला वाटलं अंगात कसर असेल. काल आईने सांगितलं की मिस्साच्या आधी तुम्ही बाबांना मागच्या नळावर नेलंत, हातात साबण दिलात आणि सगळ्या लोकांसमोर पाय घासायला लावलेत. एकट्या बाबांना. दुसऱ्या कुणाला नाही.

बाबा दिवसभर वळला विटा उचलतात. त्यांच्या पायाला माती असणार. मातीचे पाय धुवायचे म्हणूनच तर परात ठेवतात ना? की स्वच्छ पाय पुन्हा धुवायचं नाटक असतं ते?

२५ मेला, शनिवारी, माझं लग्न आहे. बापाने मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं असतं. बाबा म्हणतात, "त्या देवलात मी पाय ठेवनार न्हाय. तू जा, तुजं लगीन कर." मी त्यांच्याशिवाय जाणार नाही. तेव्हा माझं मागणं सरळ आहे. येत्या रविवारी मिस्सा संपल्यावर माइकवर या आणि लोकांसमोर बोला की तुमचं चुकलं. लोकांसमोर केलंत, लोकांसमोर बोला.

सुवर्णा बारक्या पागी

*

भिवंडी,
९ एप्रिल २०२४

कु. सुवर्णा हिस,

प्रभू येशूची स्तुती असो.

तुझं पत्र ६ तारखेला मिळालं. पाकिटावर पिनकोडचा शेवटचा आकडा चुकला आहे, तरी पोस्टमन मला ओळखतो म्हणून पोचलं.

आरोप करण्याआधी माणसाने माहिती नीट घ्यावी. नळ मागचा नव्हे, पूर्वेकडचा, व्हरांड्याला लागून. मागच्या नळाला डिसेंबरपासून पाणी नाही. "सगळे लोक" नव्हते. व्हरांड्यात आठजण होते, आणि ते प्रार्थनेची पुस्तकं वाटून घेण्यासाठी थांबले होते, तमाशा बघायला नव्हे. "मिस्साच्या आधी" हे बरोबर आहे, पण किती आधी? मिस्सा साडेसहाला, हे झालं पाच वाजून दहा ते पाच वाजून पंचवीस. म्हणजे एक तास पाच मिनिटं आधी. मुद्दाम लवकर घेतलं, कुणाला अडचण नको म्हणून.

आता विधीबद्दल. मी सातवी पास. १९८९ साली वसईहून भिवंडीत आलो, लूम बिघडला की तो खोलून जुळवणारा जॉबर म्हणून. माझ्या हाताखाली शिकलेले लोक आज मालक आहेत. मिस्साचं जुनं लॅटिन पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन दोन पावसाळ्यांत वाचून काढलं, कुठल्याही सेमिनरीत न जाता. फादर सहा वर्षांनी बदलतात. वेदीची मांडणी एकोणीस वर्षं मी बघतो आहे आणि एकोणीस वर्षांत एक मेणबत्ती वाकडी लागलेली नाही. तेव्हा परात कशाला असते हे मला शिकवू नकोस. त्या विधीत फादर फक्त उजव्या पायावर पाणी ओततात आणि रुमालाने टिपतात. ते स्नान नव्हे, खूण आहे. प्रत्येकजण घरून पाय धुवून, मोजे बदलून येतो. ही आपल्या चर्चची पद्धत आहे, कुठे लिहिलेली नसली तरी.

तुझ्या वडिलांचे पाय कोणत्या अवस्थेत होते हे मी इथे लिहीत नाही. त्यांच्या मानासाठी.

एवढं सांगतो की मी त्यांची व्यवस्था कुणाहून कमी ठेवली नाही. त्यांना बारावी खुर्ची दिली, म्हणजे परातीतलं पाणी आधी सगळ्यांना पुरलं आणि शेवटी फादरांना घाई नव्हती. रुमालांचं म्हणशील तर माझ्याकडे बारा एकसारखे पांढरे रुमाल आहेत, अठरा बाय अठ्ठावीस इंच, मी स्वतः लूमवर उभं राहून काढून घेतलेले. त्यांच्यासाठी मी वेगळा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल ठेवला होता. तो मोठा आणि नवा होता. कुणी म्हणेल की ही आपुलकी आहे.

माइकवर येऊन काय बोलू? की मी विधी नीट पार पाडला?

तुम्हा लोकांना सिस्टरांनी होस्टेलात ठेवलं, शिकवलं, पायात चपला घातल्या. त्याची फेड ही. लग्नासाठी शुभेच्छा. लग्नाची घोषणा तीन रविवार मिस्सात वाचावी लागते, त्यासाठी दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले २८ एप्रिलच्या आत द्यावेत. झेरॉक्स चालणार नाही.

इनास पास्कोल तुस्कानो

*

अंबाडी,
१५ एप्रिल २०२४

श्री. तुस्कानो,

टॉवेलचं मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं, ती बायकांच्या बाजूला खांबाआड बसली होती. बाबांनी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत.

मी वळच्या गोदामात माल तपासते. ट्रक येतो, यादी येते, यादीत काय आणि खोक्यात काय ते जुळवायचं. सहा वर्षं हेच काम. जो माणूस न विचारता जास्तीची माहिती देतो, त्याच्या खोक्यात काहीतरी कमी असतं, एवढं मी शिकलेय. मीही सेमिनरीत न जाता.

तर जुळवते. बारा माणसं, बारा रुमाल. बारावा माणूस आला आणि टॉवेल निघाला. मग बारावा रुमाल कुठे गेला? घडी घालून कपाटात ठेवला असणार, खराब होऊ नये म्हणून. टॉवेल नवा होता म्हणता. नंतर त्याचं काय केलं? तोही कपाटात आहे का? मला वाटतं नाही.

तुम्ही नोटीस बोर्डावर लावलेली यादी अजून तिथे आहे. रविवारी फोटो काढला. अकरा नावांपुढे आडनाव आहे, दोघांपुढे "सर" पण आहे. बारावं नाव: "बारक्या (पाडा)". बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात बाबांचं नाव बार्थोलोम्यू नवशा पागी आहे. ते रजिस्टर तुमच्याच कपाटात असतं. माझ्या लग्नाचे दाखले ओरिजिनल पाहिजेत आणि माझ्या बापाचं नाव मात्र झेरॉक्सपण चालतं?

चपला सिस्टरांनी घातल्या म्हणता. सिस्टरांनी कधी आमचे पाय तपासले नव्हते.

पाय मातीचे होते तर होते. मी लाजत नाही. ज्या गोदामात तुमच्या पावडरीपासून मोज्यांपर्यंत सगळं येतं, त्याच्या भिंतीची माती ती.

फादर कुणालना भेटले. ते बोलले, ईस्टरचा काळ आहे, क्षमा कर, इनास अंकल कडक आहेत पण मनाने वाईट नाहीत. मी बोलले, फादर, मन कोणी बघितलं, लोकांनी नळ बघितला. मग ते बोलले, बारक्या येत नसेल तर पाड्यावरच मांडव घालून लग्नाची मिस्सा करू, मी येतो. त्याला बिशप हाउसची परवानगी लागते. ते बघतायत. मला ते नकोय. मला बाबा चर्चात यायला हवेत. पण तुम्ही दुसरा रस्ताच ठेवला नाहीत तर मांडव घालू.

माइक अजून चालू आहे.

सुवर्णा पागी

*

भिवंडी,
२३ एप्रिल २०२४

कु. सुवर्णा,

माइकचं म्हणालीस. रविवारी, २१ तारखेला, मी माइकवर होतो. तू तिसऱ्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होतीस, तेव्हा ऐकलं असशील. जातिभेद आणि वर्णद्वेष हे देवाविरुद्ध पाप आहे, असं बिशप हाउसचं पत्रक सगळीकडे वाचायचं होतं. आपल्याकडे ते मी वाचलं. साडेसहा मिनिटं. एकही शब्द अडखळला नाही. मिस्सानंतर चौघांनी येऊन हात मिळवले. यापेक्षा चर्चने आणखी काय करावं अशी तुझी अपेक्षा आहे?

तू मोठमोठे आरोप करतेस म्हणून खरा वर्णद्वेष काय असतो ते सांगतो. माझी मृणाली आयर्लंडमध्ये नर्स आहे, गेली चार वर्षं. गेल्या नोव्हेंबरात रात्रपाळी करून सकाळी बसने घरी जात होती. बसमध्ये एका माणसाने तिला सगळ्यांसमोर सांगितलं, तुझ्या देशात परत जा. जी मुलगी त्यांच्या म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलते तिला! मी तेव्हा चार पानी पत्र इंग्रजीत लिहिलं, तिथल्या धर्मग्रामाच्या फादरांना. व्याकरण कुणाकडून तपासून घेतलं नाही. त्या गोऱ्या फादरांनी काय केलं? रविवारी मिस्सात माझ्या मुलीला पुढे बोलावलं, सगळ्या लोकांच्या वतीने तिची माफी मागितली आणि तिच्याकडून त्या दिवसाचं वाचन करवून घेतलं. लोक उभे राहिले. याला म्हणतात ख्रिस्ती माणसं. त्या पत्राचं उत्तर मी फ्रेम करून लावलं आहे.

ते कुठे आणि हे कुठे. तिथे कातडीचा द्वेष होता. इथे आरोग्याचा प्रश्न होता. एका परातीत बारा माणसांचे पाय जातात, मग त्याच परातीवर फादरांचे हात असतात, आणि त्याच हातांनी पुढे ख्रिस्तशरीर वाटलं जातं. कुणीतरी विचार करायला नको?

पाड्यावरच्या लग्नाबद्दल. दोन कॅथलिकांचं लग्न धर्मग्रामाच्या चर्चात लागतं. चर्चबाहेर लावायचं तर बिशपांची परवानगी आणि तसं सबळ कारण लागतं. "नवरीचे वडील रुसले" हे कारण नव्हे. मी हे बिशप हाउसला पत्राने कळवलं आहे. नियम म्हणजे नियम.

यादीतलं नाव दुरुस्त केलं आहे.

इ. पा. तुस्कानो

*

अंबाडी,
२९ एप्रिल २०२४

श्री. तुस्कानो,

यादी जुनी झाल्यावर नाव दुरुस्त केलंत. ट्रक गेल्यावर सही.

तुमचं पत्रक मी ऐकलं. सुंदर वाचलंत. "बंधुभगिनींनो, आपण आपल्या अंतःकरणात डोकावूया" याला तुमचा आवाज असा काय भरून आला की आईने पण पदर डोळ्याला लावला. मग तिला आठवलं वाचतंय कोण.

मृणालीबद्दल मला वाईट वाटतं. खरंच. होस्टेलच्या शाळेत ती माझ्या पुढच्या वर्गात होती, तिने मला एकदा आपली कंपासपेटी दिली होती. पण मला एक सांगा. तिला त्रास दिला बसमधल्या माणसाने, त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही. तरी त्या फादरांनी सगळ्यांच्या वतीने माफी मागितली. इथे करणाऱ्याचं नाव, गाव, पिनकोड सगळं माहीत आहे. तो रोज वेदीवर मेणबत्त्या सरळ करतो. आणि तो मला विचारतो की चर्चने आणखी काय करावं.

तुमच्या मुलीची माफी फ्रेममध्ये. माझ्या बापाची मागितली तर रुसवा.

आता कामाचं. तुमच्या पत्राने बिशप हाउस जागं झालं आहे. त्यांनी फादर कुणालना कळवलंय की पाड्यावर लग्नाची परवानगी मिळेल, पण वडील चर्चात का येत नाहीत ते, ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्या हातचं, सहीनिशी लेखी पाहिजे. फादर बोलतात, मी आत झगे चढवत होतो, मी पाहिलं नाही. तुमच्या त्या आठ जणांपैकी पाच जणांना मी भेटले. एकाला आठवत नाही, एकाचा तेव्हा फोन चालू होता, एक बोलला "मला वाटलं फादरांनीच सांगितलं असेल". बाकीच्या दोघांनी दारच उघडलं नाही. बाबा लिहून देणार नाहीत. ते बोलतात, "मी सांगितला त गाऱ्हाणा व्हईल. त्यानं केला, त्यालाच लिवू दे."

म्हणजे उरलात तुम्ही.

माफी नको आता. माइक पण नको. तुम्हाला तपशिलाचा एवढा अभिमान आहे ना, मग लिहा. पाच दहा ते पाच पंचवीस. काय झालं, कोण काय बोललं. लिहिलंत तर पाड्यावर लग्न लागेल. नाही लिहिलंत तर विवेक आणि मी सरकारी ऑफिसात सह्या करू, आणि चर्चच्या लग्नाच्या रजिस्टरात आमचं पान राहणार नाही. आमच्या पणजापासून चार पिढ्या त्या कपाटात आहेत. चौथी तुमच्यामुळे अर्धी राहील.

१५ मेपर्यंत वाट बघते.

सुवर्णा

*

भिवंडी,
१२ मे २०२४

कु. सुवर्णा,

उत्तराला तेरा दिवस लागले. मी कुठल्याच पत्राला पाच दिवसांहून जास्त लावत नाही. विलंबाची नोंद माझ्याकडून.

माझ्या प्रत्येक पत्राची प्रत मी ठेवतो. १ मेला मृणालीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा आपला हा सगळा पत्रव्यवहार मी तिला वाचून दाखवला. तुझीही पत्रं, माझीही. तिने माझी बाजू घ्यावी अशी माझी अपेक्षा होती, हे लपवत नाही. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "पप्पा, बसमधल्या माणसाचं तुम्ही अर्धंच लिहिलंत."

ते खरं आहे. माझ्या २३ एप्रिलच्या पत्रात एक तपशील गाळलेला आहे, तो दुरुस्त करतो. त्या माणसाने "परत जा" हे नंतर म्हटलं. आधी त्याने बसची खिडकी उघडली, नाकावर हात धरला आणि तिला विचारलं, "तू आंघोळ करतेस का?" ती रुग्णालयातून आंघोळ करूनच निघाली होती. आयर्लंडच्या फादरांना लिहिलेल्या पत्रातही मी हे घातलं नव्हतं. मला लिहायची लाज वाटली होती.

मृणाली एवढंच म्हणाली, "त्यालाही वाटत असेल की तो आरोग्याचंच बोलतोय." मग तिने फोन ठेवला. त्यानंतर अकरा दिवस तिचा फोन नाही. हा तुझा विजय समजू नकोस. तुझी भाषा उद्धट आहे आणि ती मी विसरणार नाही.

निवेदन सोबत जोडलं आहे. दोन प्रती, दोन्हींवर सही.

इ. पा. तुस्कानो

*

(सोबतचं निवेदन)

मी, इनास पास्कोल तुस्कानो, वय ५६, राहणार भिवंडी, लिहून देतो की:

दि. २८ मार्च २०२४ रोजी श्री. बार्थोलोम्यू उर्फ बारक्या नवशा पागी, वय ६१, हे पाच वाजून दहा मिनिटांनी चर्चच्या फाटकातून आत आले. केसांना तेल होतं. पांढरा सदरा, इस्त्रीचा. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, तीत तपकिरी रंगाच्या नव्या सँडल होत्या. ते फाटकापाशी वाकले आणि त्यांनी जुन्या चपला पिशवीत ठेवून सँडल घातल्या. त्या वेळी मी त्यांच्यापासून चार फुटांवर उभा होतो आणि ऊन त्यांच्या बाजूला होतं.

त्यांचे पाय स्वच्छ होते.

टाचांना भेगा होत्या, पण भेगांत माती नव्हती. नखं कापलेली होती. बोटांच्या बेचक्यांत अजून ओल होती, म्हणजे ते थोड्याच वेळापूर्वी धुतलेले होते.

मी त्यांना म्हणालो, "बारक्या, नळावर चल, पाय धू." ते म्हणाले, "धुवून आलोय, बाबू." मी म्हणालो, "परत धू." मी त्यांना कपडे धुण्याचा साबण दिला. त्यांनी दोन्ही पाय धुतले. मी म्हणालो, "घोट्यापर्यंत." त्यांनी पुन्हा धुतले. मी वाकून बघितलं आणि तिसऱ्यांदा धुवायला लावलं. व्हरांड्यातलं कुणीतरी हसलं. कोण ते मी पाहिलं नाही. 

सँडल ओल्या झाल्या म्हणून ते बाराव्या खुर्चीवर अनवाणी बसले.

बाकीच्या अकरा जणांपैकी एकाचेही पाय मी तपासले नाहीत.

निळ्या पट्ट्यांचा टॉवेल विधीनंतर मी वेगळा उचलला आणि झाडणाऱ्या बाईंना लादी पुसायला दिला.

श्री. पागी पायांना माती घेऊन आले होते असा समज कु. सुवर्णा यांच्या पत्रांत आहे. तो मी आजपर्यंत दुरुस्त केला नाही. तो समज मला सोयीचा होता.

वरील मजकूर मी स्वतः, कुणाच्या दबावाशिवाय लिहिला आहे.

सही
इनास पास्कोल तुस्कानो
१२ मे २०२४

*

अंबाडी,
१७ मे २०२४

इनास अंकल,

निवेदन मिळालं. मी ते गोदामातच, ड्युटी सुटायच्या आधी वाचलं आणि मग तासभर एकही खोका नीट मोजता आला नाही.

तुमच्यावर संतापायला हवं होतं. संतापले पण. पण त्याच्याआधी स्वतःवर. तीन पत्रं लिहिली मी तुम्हाला, पहिल्या दोन्हींत बाबांचे पाय मातीचे करून टाकले. "माती असणार", "होते तर होते", "मी लाजत नाही". तुम्ही नळावर बोललात ते मी घरात बसून लिहीत होते. घरी गेले आणि बाबांना विचारलं, "तुम्ही पाय धुवून गेला होता?" ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. बोलले, "देवलाच्या नाक्यावर धुतले. पंक्चरवाल्याकडं पानी मागितला. सँडल नवी, म्हनून दोनदा धुतले." मी बोलले, मला सांगायचं ना. तर बोलले, "तुम्ही इचारला कवा? तुला बी वाटला माती हाय, त्याला बी वाटला. तुमचा एकमत झाला त मी काय बोलू?"

तुम्हाला निदान दिसलं होतं. मला न बघता माहीत होतं. हे मी तुम्हाला का सांगते माहीत नाही. तुम्ही हे फ्रेम करू नका.

फादर कुणालनी निवेदन वाचलं. कागदाची घडी घातली. मग बोलले, "मी त्या दिवशी आत झगे चढवत होतो हे खरं, पण हसणं आत ऐकू आलं होतं." एवढं त्यांनी कबूल केलं. त्यांनी बाबांना विचारलं, रविवारी वेदीवरून वाचून दाखवू का? बाबा बोलले, "नको फादर. दुसऱ्याचा पाप वाचला का लोक मजेत ऐकतात."

मी बाबांना ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनीच सांगितलं, हळू वाच. सगळं ऐकून ते बोलले, "चोख लिवलाय. घड्यालाचा येल, साबन, सँडल, समदा हाय. का केला, ता न्हाय."

मी पुन्हा कागद बघितला. खरंच नाही. चार फुटांचं अंतर आहे, ऊन कुठल्या बाजूला होतं ते आहे. पाय स्वच्छ दिसल्यावर, ते दिसत असताना, नळावर का नेलंत, हे कुठे नाही.

मी बोलले, त्यांना पत्र टाकते, ते लिहून पाठवतील. बाबा बोलले, "न्हाय. लिवायला तो हुशार हाय. लिवून नको."

बिशप हाउसला निवेदन पाठवलेलं नाही. पाड्यावरची परवानगी नको, असं फादरांना कळवलं. बाबा बोलले, "त्यानं लिवून दिलाय का माजे पाय चोख व्हते. मंग मी का भायेर रहू? चोरी मी केली का?" लग्न चर्चात लागेल. घोषणा पाच, बारा आणि एकोणीस मे अशा तीन रविवारांची होती. पहिल्या दोन तुम्हीच वाचल्यात, तिसरी परवा वाचाल. आडनाव पागी आहे. बाबांचं नाव पूर्ण वाचा.

आता शनिवारचं. लग्नाच्या दिवशी पुढचं मोठं दार तुम्ही उघडता, ते काम दुसऱ्या कुणावर टाकू नका. तुम्हीच उघडा. साडेनऊ. मी आणि बाबा पायरीवर असू. विवेक आणि त्याची माणसं आत बसलेली असतील, पाड्यातले आमचे ऐंशी-नव्वद जण मागे उभे असतील, व्हरांड्यातले तुमचे आठजण पण असतील, त्यांना आम्ही आमंत्रण दिलंय.

बाबा दारात तुम्हाला एकच गोष्ट विचारणार आहेत. ती काय ते तुम्हाला आता माहीत आहे. तोंडाने सांगायचं. कागद हातात नको. ऑर्गन सुरू झाला, फादर वेदीवर येऊन उभे राहिले, तरी आम्ही पायरी चढणार नाही. तुम्ही बोलाल तेव्हा माझं लग्न लागेल.

आठ दिवस आहेत. सराव करू नका.

सुवर्णा बार्थोलोम्यू पागी